निम्मे बिल सरकारचे, निम्मे काम कोणाचे?

पत्राचा सारांश: स्टॉकहोमच्या एका उपनगरात राहणाऱ्या वाचक भगिनी लिहितात की, त्या आणि त्यांचे पती दोघेही अभियंते आहेत, त्यांना नऊ वर्षांची मुलगी आहे, आणि दोन वर्षांपूर्वीपर्यंत घरातल्या साफसफाईवरून दोघांमध्ये दर शनिवारी भांडण ठरलेले असे. स्वीडनमध्ये घरकामाच्या मजुरीची निम्मी रक्कम करसवलतीतून सुटते, तेव्हा आपणही कुणाला तरी लावू या, असे पतींनी सुचवले. तेव्हापासून एका सफाई कंपनीकडून एक स्त्री दर पंधरा दिवसांनी शुक्रवारी तीन तास येते. भांडणे थांबली. मात्र ही स्त्री आपल्या देशात शाळेत शिकवत होती हे कळल्यापासून या भगिनींना स्वस्थता नाही. ती गुडघ्यांवर बसून न्हाणीघराची फरशी घासत असते, तेव्हा घरून काम करणाऱ्या या भगिनी आपल्या खोलीचे दार लावून घेतात. गुरुवारी रात्री, ती येण्यापूर्वी, घर आवरायला त्यांचा दीड तास जातो. पती म्हणतात, “आपण तिला काम देतो, कर भरतो, सरकारच प्रोत्साहन देते, मग अडचण काय?” सासूबाई फोनवर म्हणतात, “आपल्याकडे घरोघरी बाई असते, तूच एवढं मनाला का लावून घेतेस?” गेल्या महिन्यात मुलीच्या हातून सरबत सांडले आणि ती म्हणाली, “असू दे, शुक्रवारी ती येणारच आहे.” पत्रात शेवटी लिहिले आहे: “माझं काम मी दुसऱ्या बाईच्या गळ्यात घातलं, असं सारखं वाटतं. हे बंद करू का? की कंपनीला मध्ये न घेता सरळ तिलाच रोख पैसे देऊ?”

प्रिय भगिनी,

तुमचे पत्र मी तीनदा वाचले आणि तिन्ही वेळा एकाच शब्दापाशी अडले. “माझं काम” असे तुम्ही लिहिले आहे. ज्या घरात तिघे जण राहतात, त्या घरातील न्हाणीघर तिघांच्या वापराने खराब होते, आणि ते घासण्याचे काम मात्र तुमचे, हे कधी ठरले? तुमच्याच पत्राप्रमाणे त्या कामावरून दर शनिवारी वाद होत असे, म्हणजे ते तुमचे आहे हे तुम्हाला तेव्हा मान्य नव्हते. मग ते पैसे देऊन दुसरीकडे सोपवल्यावर मात्र, सोपवण्यापूर्वी ते पूर्णपणे तुमचेच होते, असे तुम्ही मनाशी कसे कबूल करून टाकले? त्या स्त्रीवर जे काम गेले आहे त्यातले निम्मे तुमच्या पतींचे होते. त्यांनीही आपल्या वाट्याचे काम दुसऱ्या बाईच्या गळ्यात घातले आहे. फक्त त्यांना दार लावून घ्यावेसे वाटत नाही. शरम सगळी तुमच्या पदरी आली आहे, आणि ही वाटणी मला साफसफाईच्या वाटणीइतकीच विषम वाटते.

आधी एक गोष्ट सांगते, म्हणजे आपण उगाच हळव्या झालो आहोत असे तुम्हाला वाटणार नाही. तुमची अस्वस्थता तुम्ही परदेशातून त्या देशात नेलेली नाही. १९९३ साली आन-मारी पोल्सोन या अर्थतज्ज्ञ स्त्रीने घरकामाच्या खर्चावर करसवलत द्यावी अशी सूचना केली, तेव्हा स्वीडनमध्ये जो वाद पेटला त्याला ‘मोलकरणींचा वाद’ असेच नाव पडले. पाठिंबा देणाऱ्यांचे म्हणणे असे होते की, नोकरी करून घर सांभाळणाऱ्या स्त्रियांची दुहेरी ओढाताण कमी होईल, चोरून रोखीत चालणारे काम उजेडात येईल आणि ज्यांना इतरत्र नोकरी मिळत नाही त्यांना ती मिळेल. विरोध करणारे म्हणत होते की, घरगडी आणि मोलकरणी ठेवण्याची प्रथा ज्या समाजाने मोठ्या कष्टाने मागे टाकली, तिथे ती सर्वांच्या पैशांतून परत आणली जात आहे. चौदा वर्षांनी, जुलै २००७ मध्ये, ही सवलत अमलात आली. स्वच्छता, देखभाल आणि धुलाई या अर्थांच्या स्वीडिश शब्दांच्या आद्याक्षरांवरून तिला ‘रूट’ म्हणतात, हे तुम्हाला ठाऊकच आहे. वाद आजही मिटलेला नाही. दोन्ही बाजूंच्या म्हणण्यात तथ्य आहे, आणि तुमच्या घरात त्या दोन्ही बाजू एकाच वेळी खऱ्या ठरत आहेत.

त्या देशाने समानतेसाठी पूर्वी दुसरी वाट धरली होती, तीही इथे आठवली पाहिजे. १९७१ पासून पती आणि पत्नी यांच्या उत्पन्नावर स्वतंत्र कर लागू झाला. १९७४ पासून बाळंतपणानंतरची सवेतन रजा बापालाही मिळू लागली, आणि आज त्या ४८० दिवसांपैकी ९० दिवस प्रत्येक पालकासाठी राखीव आहेत, जे दुसऱ्याला देता येत नाहीत. स्त्री घराबाहेर कमावू लागली की पुरुषाने घरात यायचे, आणि तो आपणहून येत नसेल तर कायद्याने त्याच्यासाठी जागा मोकळी ठेवायची, अशी ती वाट होती. रूटची वाट निराळी आहे. तिच्यात पुरुषाने बदलण्याची गरज उरत नाही, कारण वादाचे कामच घरातल्या दोघांमधून उचलून तिसऱ्या व्यक्तीकडे दिले जाते. स्त्रीचे तास वाचतात हे खरे आहे आणि ते क्षुल्लक नाही. परंतु भांडण थांबले म्हणजे वाटणी झाली, असे तुम्ही आणि तुमचे पती धरून चालला आहात, आणि तुमच्या पत्रातली मला सर्वांत जास्त तपासून पाहावीशी वाटणारी समजूत हीच आहे.

कारण गुरुवारची रात्र बघा. सफाईला येणारी व्यक्ती पुसते, घासते, धूळ काढते. जमिनीवर पडलेले खेळणे कुठे ठेवायचे, कोणता कागद टाकायचा आणि कोणता जपायचा, हे तिला ठरवता येत नाही. म्हणून ती येण्याआधी आवराआवर लागते. ती तुम्ही करता. कंपनीचा संदेश तुमच्या फोनवर येतो, सुटीत कोणत्या शुक्रवारी येऊ नये हे तुम्ही कळवता, फरशीचे द्रावण संपले हे तुमच्या लक्षात येते, आणि बहुधा तिच्याशी चार शब्द बोलणे, तिची खबरबात घेणे, हेही तुम्हीच करता. हातांचे काम दुसरीकडे गेले. लक्षात ठेवण्याचे, ठरवण्याचे आणि सांभाळून घेण्याचे काम जिथे होते तिथेच राहिले, आणि त्यात एका माणसाकडून काम करून घेण्याच्या जबाबदारीची भर पडली. एका घरात दोन स्त्रिया, एक राबते, दुसरी राबवून घेते, आणि पुरुष बिल भरतो, ही रचना आपल्या आज्यांच्या काळाहून फारशी निराळी नाही.

आता पतींच्या “सरकारच प्रोत्साहन देते” या वाक्याकडे वळू. २००९ च्या जुलैपर्यंत पूर्ण बिल आधी भरावे लागे आणि निम्मी रक्कम नंतर करातून परत मागावी लागे. त्यानंतर पद्धत बदलली: कंपनी बिलातच रक्कम वजा करते आणि ती थेट कर खात्याकडून घेते. त्यामुळे ते दुसरे निम्मे तुमच्या डोळ्यांसमोर कधी येतच नाही, आणि निम्मा दर हाच खरा दर वाटू लागतो. ते निम्मे कुठून येते हे एकदा कागदावर मांडून पाहा. आकडे मी केवळ समजण्यापुरते घेते, तुमच्या बिलावरचे तुम्ही ताडून पाहा. कंपनीचा दर तासाला ५०० क्रोना असेल, तर तुम्ही २५० देता आणि २५० सरकारी तिजोरीतून येतात. या ५०० पैकी १०० क्रोना मूल्यवर्धित कर, कारण तो २५ टक्के आहे. उरलेल्या ४०० मध्ये त्या स्त्रीचा पगार तासाला १५० क्रोना आहे असे धरले, तर त्यावर मालकाने भरायचे ३१.४२ टक्क्यांचे सामाजिक अंशदान मिळून सुमारे १९७ क्रोना होतात. बाकीच्या दोनशेत रजा, प्रवास, साहित्य, कार्यालय आणि नफा बसतो. आपल्या १५० मधून ती प्राप्तिकर भरते आणि तिच्या हाती सव्वाशेच्या आत-बाहेर काही राहते. म्हणजे तिला स्वतःच्या घरासाठी याच सवलतीत तासभर साफसफाई घ्यायची झाली, तर त्यासाठी दोन तास दुसऱ्यांची घरे पुसावी लागतील. कायद्याने सवलत तिलाही खुली आहे. वर्षाला माणशी ७५,००० क्रोनांची मर्यादा २०२१ पासून तिलाही लागू आहे. पण ती सवलत ती वापरणार नाही, आणि जी सवलत ती वापरत नाही तिच्यासाठी तिचाही कर जातो.

“आपण तिला काम देतो” या विधानाला एवढी दुरुस्ती हवी. तुम्ही तिला काम देता हे खरे. तीही तुम्हाला, तिच्या कराच्या अल्प वाट्यातून, सवलत देते. ही सवलत स्वतःचा खर्च स्वतः भरून काढील, असे तिचे काही समर्थक सांगत असत. त्या देशाच्या राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने २०२० साली तपासून पाहिले आणि तसे होत नाही असा निष्कर्ष काढला. सवलतीचा मोठा भाग चांगल्या उत्पन्नाच्या घरांकडे जातो. एकट्या राहणाऱ्या वृद्धांनाही तिचा आधार वाटतो, आणि त्यांच्या बाबतीत मला ती सवलत डाचत नाही. मात्र त्यांच्यासाठी नगरपालिकेची घरपोच मदतसेवा अधिक बळकट करणे हा दुसरा मार्गही आहे, ज्यात उत्पन्नापेक्षा गरज पाहिली जाते.

सासूबाईंच्या प्रश्नाचे उत्तर मी थोडक्यात देते, कारण महाराष्ट्रात राहणाऱ्या अनेक वाचकांच्या मनातही तोच प्रश्न असेल. आपल्याकडे घरोघरी बाई असते, कारण आपल्याकडेही घरकामावर सवलत आहे. फक्त ती सरकार देत नाही. ती बाई स्वतः देते, आपल्या कमी पगारातून, न मिळालेल्या पगारी सुटीतून आणि म्हातारपणी नसलेल्या निवृत्तिवेतनातून. महाराष्ट्राने २००८ साली घरकामगारांसाठी कल्याण मंडळाचा कायदा केला, तरी तिची नोंदणी झाली आहे का, हे किती घरांनी तिला विचारले असेल? घरकामगारांच्या हक्कांविषयीचा आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा १८९ क्रमांकाचा करार २०११ मध्ये झाला. स्वीडनने तो २०१९ मध्ये स्वीकारला, भारताने अद्याप नाही. तेव्हा “आपल्याकडे तर असतेच” हे समाधान मानण्यासारखे उदाहरण नाही.

मग बंद करायचे का? मी तसे सुचवणार नाही. तुम्ही बंद केलेत तर तुमची टोचणी थांबेल. तिचे पंधरवड्यातले तीन तास जातील, कंपनी ते भरून देईलच असे नाही, आणि शनिवारची भांडणे जिथे थांबली होती तिथून पुन्हा सुरू होतील. मात्र तिला तासांची गरज आहे म्हणून सगळे ठीकच आहे, असेही मी म्हणणार नाही. गरज कामाची आहे. शिक्षिकेने फरशा घासण्याची गरज कुणालाच नव्हती. तिचे शिक्षण तिथे का मानले जात नाही, भाषा शिकायला तिला वेळ का उरत नाही, याची उत्तरे तुमच्या घराबाहेर आहेत आणि ती एकट्याने देण्याचा भार तुम्ही घेऊ नये.

रोख पैशांबद्दल मात्र माझे मत ठाम आहे: कृपा करून तसे करू नका. तुमचा हेतू चांगला आहे, मधला वाटा वाचावा आणि तो तिला मिळावा. परंतु त्या देशात आजारपणातला भत्ता, बाळंतपणानंतरच्या रजेतला भत्ता आणि निवृत्तिवेतन हे सर्व नोंदलेल्या उत्पन्नावर ठरते. रोखीत घेतलेला प्रत्येक तास तिच्या आयुष्याच्या हिशेबातून पुसला जातो. उद्या तुमच्या न्हाणीघरात पाय घसरून तिचे मनगट मोडले, तर ती त्या घरात होती हे सिद्ध करायलाही तिच्याजवळ कागद नसेल. तिचा वास्तव्य परवाना नोकरीवर अवलंबून असेल तर धोका आणखी मोठा.

त्याऐवजी कंपनीला काही सरळ प्रश्न विचारा, आणि ते पत्राने विचारा म्हणजे उत्तरही लेखी येईल. स्वीडनमध्ये किमान वेतनाचा कायदा नाही. वेतन कामगार संघटना आणि मालक यांच्यातल्या सामूहिक करारांनी ठरते, म्हणून कंपनीने असा करार केला आहे का, हा पहिला प्रश्न. एका घरातून दुसऱ्या घरी जाण्याचा वेळ पगारी आहे का? गिऱ्हाइकाने आयत्या वेळी भेट रद्द केली तर तिच्या पगाराचे काय होते? तीन तासांत किती काम अपेक्षित आहे हे कोणी ठरवले, आणि ते काम करणाऱ्यांना विचारून ठरवले का? उत्तरे टोलवाटोलवीची आली तर कंपनी बदलण्याचा तुम्हाला हक्क आहे, आणि थोडी महाग पण करार पाळणारी कंपनी निवडणे, हा तुमच्या अस्वस्थतेपोटी केलेला, रोख पैसे देण्यापेक्षा पुष्कळ उपयोगी खर्च ठरेल. तोवर तुमच्या हातात जे आहे ते असे की, तीन तासांत न मावणारे काम सांगू नये, आयत्या वेळी रद्द करू नये, आणि तिचा भाषेचा वर्ग असेल तर आपला शुक्रवार तिच्या वर्गाभोवती बसवावा. स्थलांतरितांसाठीचे ते वर्ग विनामूल्य असतात. त्यांच्या वेळेला हजर राहता येणे हीच खरी अडचण असते.

दार लावून घेण्याविषयी. मला वाटते तुम्हाला तिचे वाकणे बघवत नाही, आणि आपण खुर्चीवर बसलेलो तिला दिसावे हेही सहन होत नाही. दाराआड यांपैकी काहीच बदलत नाही. पण दार उघडे ठेवणे अधिक माणुसकीचे, असेही धरून चालू नका. कुणाची नजर पाठीवर नसताना काम करणे अनेकांना बरे वाटते. तिला विचारा. लांब दांड्याचा घासणारा ब्रश घरात आहे का, गुडघ्यांवर बसणे खरोखरच आवश्यक आहे का, हेही विचारा. कित्येकदा ज्या दृश्याने आपण कासावीस होतो ते टाळायला एक साधे साधन पुरेसे असते, आणि आपण मात्र अपराधी भावना उरी बाळगून ते विकत आणायचे विसरतो.

मुलीच्या वाक्याने तुम्ही हादरलात, ते योग्यच झाले. त्या वाक्यात दोन गोष्टी आहेत. एक, तिने त्या स्त्रीला “ती” म्हटले. नाव तिला माहीत नसावे. ते तिला सांगा, आणि शक्य असेल त्या शुक्रवारी दोघींची ओळख करून द्या. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची: आपण सांडलेले पुसणारे कोणीतरी पगारी माणूस जगात असतेच, हे ती शिकत आहे. तिच्यावर रागावून हे सुटणार नाही, कारण तिने ते घरातल्या मोठ्यांकडे पाहूनच उचलले आहे. तिची खोली सफाईच्या यादीतून काढा. नऊ वर्षांच्या मुलीला झाडणे, पुसणे, अंथरूण बदलणे जमते. सांडलेले तिथल्या तिथे पुसायचे, हा नियम घरातल्या तिघांनाही सारखाच लागू करा, आणि तो पहिल्यांदा मोडणारी व्यक्ती मोठी असेल तर मुलीला तसे म्हणू द्या. आणखी एक: तुमच्या घरी मुलगा असता तर हेच वाक्य तुम्हाला इतके लागले असते का, हा प्रश्न स्वतःला एकदा विचारा. मुलगा असलेल्या वाचकांनी तर तो अवश्य विचारावा.

पतींशी बोलताना ‘मला अपराधी वाटते’ इथून सुरुवात करू नका. ते तुमची समजूत घालतील आणि विषय संपेल. कामांतून सुरुवात करा. आठवडाभर एक वही ठेवा आणि तीत केलेल्या कामांबरोबर लक्षात ठेवलेली कामेही लिहा: कोणी आठवले, कोणी ठरवले, कोणी केले, असे तीन रकाने. बहुतेक घरांत तिसऱ्या रकान्यात नावे मिसळलेली दिसतात आणि पहिल्या रकान्यात एकच नाव वरपासून खालपर्यंत असते. मग वाटणी कामांची करण्याऐवजी जबाबदाऱ्यांची करा. सफाईचा सगळा व्यवहार, म्हणजे कंपनीशी बोलणे, वर लिहिलेले प्रश्न विचारणे, वार ठरवणे, सामान आणणे, बिल तपासणे, आणि गुरुवारची आवराआवर, हे सर्व पूर्णपणे पतींकडे जावे; ही कल्पना त्यांचीच होती. तुम्ही मधून आठवण करून द्यायची नाही, कारण आठवण करून देणे हेच तर ते काम आहे. आणि जे दर पंधरवड्याला तीन तास वाचतात ते प्रत्यक्षात कोणाचे वाचतात, त्या वेळात कोण काय करते, हेही त्याच वहीत लिहा. ते तुमच्या वाढीव कार्यालयीन कामात किंवा दुसऱ्या घरकामात जिरत असतील, तर सवलतीचा लाभ तुम्हाला मिळतो हे म्हणणेही पुन्हा तपासावे लागेल.

नागरिक नसतानाही तुम्हाला एक गोष्ट करता येते. तीन वर्षे तिथे नोंदणीकृत वास्तव्य झाले असेल तर नगरपालिका आणि प्रदेश यांच्या निवडणुकीत तुम्हाला मत आहे. करसवलतीचा निर्णय संसदेत होतो, पण वृद्धांची घरपोच सेवा, पाळणाघरे आणि भाषेचे वर्ग हे नगरपालिकेच्या अखत्यारीत येतात, आणि संध्याकाळचे वर्ग व पाळणाघर मिळाले तर तुमच्याकडे येणाऱ्या शिक्षिकेचा वर्गात परत जाण्याचा रस्ता थोडा जवळ येतो.

येत्या गुरुवारपासून सुरुवात करा. त्या रात्री तुम्ही आवरायला उठू नका. पतींना दोन दिवस आधी, एकदाच, स्पष्ट शब्दांत सांगून ठेवा. त्यांनी आवरले तर उत्तम. नाही आवरले तर शुक्रवारी दिवाणखान्यातला पसारा तसाच राहील, त्याच्या भोवतीचे तेवढे पुसले जाईल, आणि कंपनीकडून “जमीन मोकळी नव्हती” असा संदेश येईल. तो संदेश त्यांच्या फोनवर येईल, एवढी व्यवस्था मात्र आजच करून ठेवा.